बघे होऊ नका, साक्षीदार व्हा!

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्थानकाजवळच्या बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी परभणी बंद झाली, बंदला हिंसक वळण लागले आणि त्यानंतर पोलिसांनी आंबेडकरी वस्त्यांत शिरून जी धरपकड केली, ती अवघ्या महाराष्ट्राने मोबाईलच्या पडद्यावर पाहिली. पकडलेल्यांमध्ये सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचे शिक्षण घेणारा, वडार समाजातला तरुण होता. १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला.

त्याच्या मृत्यूची दोन निरनिराळी वर्णने महाराष्ट्राला ऐकायला मिळाली. २० डिसेंबर रोजी नागपूरच्या अधिवेशनात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले की, सोमनाथला जुना आजार होता, आपल्याला मारहाण झाल्याचे त्याने न्यायदंडाधिकाऱ्यांना सांगितले नव्हते आणि सीसीटीव्ही चित्रणातही मारहाण दिसत नाही. दुसरीकडे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयातील शवविच्छेदनाचा प्राथमिक अहवाल सांगत होता की, अंगावरच्या अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याने हा मृत्यू झाला. पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. सोमनाथच्या आई विजयाबाई सूर्यवंशी उच्च न्यायालयात गेल्या. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलै २०२५ रोजी तेथेही हरले.

एका आईला आपल्या मुलाच्या मृत्यूबद्दल साधा गुन्हा नोंदवून घेण्यासाठी साडेसात महिने झगडावे लागले! गुन्हा नोंदवणे ही तर न्यायाची पहिली पायरी. तिच्यापुढे तपास, आरोपपत्र, साक्षीपुरावे, उलटतपासणी असा लांबचा रस्ता आहे. त्या रस्त्यावर शेवटी एकच गोष्ट कामाला येते. कोणी पाहिले, कोणी टिपले, आणि पाहिलेले सांगायला कोण उभे राहिले? म्हणून आज आम्हाला बघ्यांविषयी बोलायचे आहे. माणूस मरत असताना आजूबाजूला जे उभे असतात, ज्यांच्या हातात कॅमेरा असतो, त्यांचे कर्तव्य काय, याविषयी बोलायचे आहे.

हल्ली एक वाक्य सर्रास ऐकू येते. 'काय लोक झाले आहेत, माणूस मरतो आहे आणि हे शूटिंग करत बसले आहेत!' या वाक्यात तथ्य आहे. रस्त्यावर अपघात होतो, जखमी माणूस पाणी मागत असतो आणि भोवती कडे करून उभ्या असलेल्यांचे दहा हात मोबाईल धरून वर गेलेले असतात. त्यातला एकही हात १०८ क्रमांक फिरवत नाही. हे घृणास्पद आहे, यात वाद नाही. परंतु हेच वाक्य वेगळ्या हेतूनेही उच्चारले जाते, हे आपण ओळखले पाहिजे. काठी चालवणाऱ्यालाही समोरचा मोबाईल नको असतो. परभणीच्या वस्तीत पोलिसांचे चित्रण करणाऱ्या स्त्रीला मारहाण झाल्याची तक्रार त्याच दिवसांत पुढे आली होती. तेव्हा 'चित्रण करणे वाईट' असे सरसकट म्हणून चालणार नाही. कोणत्या वेळी, कोणासाठी आणि कशासाठी चित्रण केले, हे पाहावे लागेल.

जगात या प्रश्नाची चर्चा पुष्कळ झाली आहे. १९९३ मध्ये केविन कार्टर या दक्षिण आफ्रिकेच्या छायाचित्रकाराने सुदानच्या दुष्काळात एक छायाचित्र टिपले. भुकेने जमिनीवर कोसळलेले बालक आणि त्याच्या मागे बसलेले गिधाड. १९९४ मध्ये त्या छायाचित्राला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि जगभरातून कार्टरला विचारले गेले, 'तू त्या मुलासाठी काय केलेस?' त्याच वर्षी जुलैमध्ये कार्टरने आत्महत्या केली. त्याला प्रश्न विचारणे योग्यच होते. पण ज्या यादवी युद्धाने ते मूल उपाशी ठेवले, ते युद्ध चालवणाऱ्यांना त्याच आवाजात कितीजणांनी जाब विचारला?

दुसरे उदाहरण न्यूयॉर्कचे. ३ डिसेंबर २०१२ रोजी भुयारी रेल्वेच्या फलाटावरून एका माणसाला रुळांवर ढकलण्यात आले. गाडी येत होती. फलाटावर असलेल्या एका छायाचित्रकाराने फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी 'न्यूयॉर्क पोस्ट'ने पहिल्या पानावर भला मोठा फोटो छापला. समोर गाडी, रुळांवर तो माणूस आणि शेजारी 'आता हा मरणार' अशा अर्थाचा मथळा. छायाचित्रकाराचे म्हणणे असे की, आपण दूर होतो आणि गाडीच्या चालकाला सावध करण्यासाठी फ्लॅश उडवत धावत होतो. खरे खोटे त्याचे त्यालाच माहीत. पण त्याच्याकडे काही सेकंद होते. संपादकांकडे अख्खी रात्र होती! त्यांनी शांतपणे टेबलावर बसून त्या माणसाच्या मरणाचा मथळा केला. म्हणून दोष मोजताना वेळही मोजावा लागतो. गोंधळात, भीतीत, दोन श्वासांच्या अंतरात माणसाच्या हातून जे झाले ते एक. आणि चहा पीत, विचार करून, खप पाहून जे केले गेले ते दुसरे.

तिसरे उदाहरण मात्र आपल्या अगदी जवळचे आहे. २५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर एका पोलीस अधिकाऱ्याने नऊ मिनिटांहून अधिक वेळ गुडघा दाबून ठेवला. भोवती जमलेले लोक ओरडत होते, विनवत होते. सुट्टीवर असलेली अग्निशमन दलाची एक कर्मचारी प्रथमोपचार करू द्या म्हणत होती. तिला पुढे येऊ दिले नाही. सतरा वर्षांची डार्नेला फ्रेझियर मोबाईल धरून उभी राहिली आणि शेवटपर्यंत हलली नाही. पोलिसांनी पहिले निवेदन काढले, त्यात मृत्यूचे कारण जणू आजारपण होते. मानेवरच्या गुडघ्याचा त्यात उल्लेखही नव्हता. त्या मुलीच्या चित्रणाने ते निवेदन खोटे पाडले. २० एप्रिल २०२१ रोजी तो अधिकारी खुनाच्या आरोपात दोषी ठरला. ती मुलगी बघी होती काय? तिला वाचवणे शक्य नव्हते, म्हणून ती साक्षीदार झाली. पुढे न्यायालयात उभी राहून तिने साक्ष दिली. बघा आणि साक्षीदार यांतला फरक इथे उघड होतो. बघा पाहतो आणि निघून जातो. साक्षीदार पाहतो आणि त्याची जबाबदारी अंगावर घेतो.

आता आपल्या देशात या. इथे कॅमेरा अनेकदा अत्याचार करणाऱ्याच्याच हातात असतो. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमध्ये उना येथे मेलेल्या गायीचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून, उघडे करून मारले गेले. त्याचे चित्रण मारणाऱ्यांच्याच टोळीने केले आणि पराक्रम म्हणून मिरवले. आपल्याला कोणी काही करणार नाही, ही खात्री असल्याशिवाय कोणी स्वतःच्या गुन्ह्याचा पुरावा स्वतः वाटत सुटत नाही. ही खात्री त्यांना कोणी दिली? भोवती उभ्या असलेल्या, काही न बोलणाऱ्या गर्दीने दिली.

महाराष्ट्राने तरी काय वेगळे केले? २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. ती रानात, अंधारात लपूनछपून झालेली नव्हती, गावात झाली. गाव होते, घरे होती, माणसे होती. भैयालाल भोतमांगे दुरून, लपून पाहत राहिले. काही शहाण्यांनी पुढे त्यांनाच विचारले, 'तुम्ही का धावला नाहीत?' शेकडोंच्या गावाला सोडून एकट्या, निःशस्त्र, डोळ्यांदेखत संसार संपत असलेल्या माणसाला हा प्रश्न विचारण्याची हिंमत फक्त या समाजव्यवस्थेतच होऊ शकते! भैयालाल यांना वाचवता आले नाही. पण ते गप्प बसले नाहीत. तक्रार केली, न्यायालयात उभे राहिले आणि २० जानेवारी २०१७ रोजी मरण येईपर्यंत न्याय मागत राहिले. आणि त्या मृतदेहांची छायाचित्रे कार्यकर्त्यांनी गावोगावी पोहोचवली नसती, तर अनैतिक संबंधांच्या कंड्या पिकवून ते हत्याकांड केव्हाच गाडले गेले असते.

नगर जिल्ह्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या शाळकरी मुलाला शाळेपासून मारत नेले आणि ठार केले. दिवसाढवळ्या! किती डोळ्यांनी पाहिले असेल? खटला उभा राहिला तेव्हा एकामागून एक साक्षीदार उलटले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी सुटले. नितीन दोनदा मारला गेला. एकदा रस्त्यावर आणि एकदा साक्षीच्या पिंजऱ्यात.

परदेशातील मानसशास्त्रज्ञ सांगतात की, गर्दी जितकी मोठी तितकी मदतीची शक्यता कमी, कारण प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणी तरी करील. हे खरे असेल. पण आपल्याकडची गर्दी समजून घ्यायला तेवढे पुरत नाही. १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवून दिले की, जातीने या देशातील सार्वजनिक वृत्तीच मारून टाकली आहे. इथल्या माणसाची जबाबदारी त्याच्या जातीपुरती, सहानुभूती जातीपुरती आणि दानधर्मही जातीपुरता. अपघातात पडलेल्या माणसाला उचलण्याआधी 'कुणाचा हाय रे?' असे विचारणारा गाव आपण पाहिलेला आहे. हा प्रश्न ज्याच्या तोंडी येतो, तो हातात मोबाईल असो वा नसो, बघाच राहतो.

आणि तथागतांनी या रोगावरचे औषध अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. विनयपिटकात कथा आहे. एक भिक्खू आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी कारण विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की, तो आमच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून आम्ही त्याची सेवा करत नाही. भगवंतांनी आधी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः त्या भिक्खूला स्वच्छ केले, उचलून निजवले आणि मग संघाला बोलावून उपदेश केला. क्रम पाहा! आधी हात, मग वाणी. आपल्या माणसांना आम्ही हाच क्रम सांगतो. आधी जीव, मग पुरावा, मग साक्ष.

आधी जीव, म्हणजे वाचवणे हातात असेल तर कॅमेरा खिशात गेला पाहिजे. वृत्तपत्राचा छायाचित्रकार असला तरी त्याला यातून सूट नाही. तिथे तो एकटाच असेल, तर तो आधी माणूस आहे. इतर हात मदतीला लागलेले असतील, तर त्याने खुशाल आपले काम करावे. जखमीला दवाखान्यात नेले तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही भीती आता सोडून द्या. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी रस्ते अपघातात मदत करणाऱ्यांना संरक्षण दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. अपघातग्रस्ताला पोहोचवणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, त्याला अडकवून ठेवता येत नाही, त्याच्याकडे पैसे मागता येत नाहीत.

पण वाचवणे म्हणजे आंधळी उडी नव्हे, हेही परभणी जिल्ह्यानेच शिकवले आहे. ११ मे २०२३ च्या रात्री सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा शिवारात शौचालयाची टाकी साफ करताना पाच मजूर गुदमरून मेले. अशा टाकीत विषारी वायू साचलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. एकजण कोसळतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, भावासाठी चुलता उतरतो आणि घरेच्या घरे रिकामी होतात. अशा वेळी टाकीच्या काठावर उभ्या माणसाचे कर्तव्य काय? आत कोणालाही उतरू न देणे, झाकणे उघडी करून लोकांना मागे सारणे, अग्निशमन दलाला बोलावणे. आणि त्याहून मोठे कर्तव्य त्या दिवसाच्या आधीचे आहे. माणसाला अशा टाकीत संरक्षक साधनांशिवाय उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. कोणी कुणाला उतरवताना दिसला, तर तेव्हाच थांबवा. मेल्यावर फोटो काढायला सगळे येतात. मृत्यूला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी सांगितले. पण ३० लाखांनी बाप परत येत नाही.

मग पुरावा. जिथे सत्तेच्या हातात काठी आहे, गर्दीच्या हातात दगड आहे आणि आपण दोघे-तिघेच आहोत, तिथे वाचवणे अशक्य असू शकते. तिथे डोळे मिटू नका. टिपा! शक्य तितक्या दुरून, सुरक्षित जागेवरून, न बोलता टिपा. आणि टिपलेले नीट सांभाळा. आपली पोरे इथेच चुकतात. चित्रण मिळाले की त्यावर गाणे चढवतात, कापतात, दहा गटांवर पाठवतात आणि जागा भरली म्हणून मूळ चित्रण पुसून टाकतात. बचाव पक्षाच्या वकिलाला याहून दुसरे काय हवे? मूळ फाईल त्याच मोबाईलमध्ये जशीच्या तशी ठेवा. तारीख, वेळ, ठिकाण वहीत लिहा. एक प्रत विश्वासातल्या वकिलाकडे द्या. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्याला प्रमाणपत्र जोडावे लागते, ते वेळेवर करून घ्या. पोलीस ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी दिलेला आहे. घटना घडताच लेखी अर्ज करून ते मागा. उशीर झाला की 'यंत्र बंद होते' हे उत्तर तयारच असते.

इथे आपल्या घरातल्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. मृतदेहाचे चित्र हा पुरावा आहे, मनोरंजन नव्हे. खैरलांजीची छायाचित्रे कार्यकर्त्यांनी झाकलेले सत्य उघडे करण्यासाठी फिरवली. आज मात्र कुठल्याही गावात कोणाचा खून झाला की, चेहरा, जखमा, फाटलेले कपडे यांसकट तो मृतदेह तासाभरात हजारो मोबाईलवर जातो. खाली हात जोडल्याची चिन्हे आणि 'जास्तीत जास्त शेअर करा' असे फर्मान. त्या मृताची आई, बहीण, लेक यांच्या मोबाईलवरही तेच येते, याचा कोणी विचार करतो काय? जिवंतपणी ज्यांना या व्यवस्थेने प्रतिष्ठा दिली नाही, त्यांची मेल्यावर तरी प्रतिष्ठा आपण राखू या. पुरावा तपासाकडे, वकिलाकडे, न्यायालयाकडे गेला पाहिजे. व्यवस्था तो दाबते आहे असे दिसले, तर घरच्यांना विचारून लोकांपुढे न्यावा. केवळ आपल्या गटावर आधी आले म्हणून मिरवण्यासाठी तो कोणाच्याही हाती जाऊ नये.

आणि शेवटी साक्ष. मोबाईल न्यायालयात शपथ घेत नाही, माणूस घेतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहाजण मारले गेले, तेव्हा कोणाच्या खिशात कॅमेऱ्याचा मोबाईल नव्हता. जमाव टँकर पेटवणार होता, असे सरकारतर्फे सांगितले गेले. तरीही वस्तीतली साधी, कष्टकरी माणसे गुंडेवार आयोगापुढे गेली, जे पाहिले ते बोलली. आयोगाने गोळीबार अनावश्यक ठरवला आणि २००९ मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला दोषी धरले. बारा वर्षे ती माणसे आपल्या शब्दावर उभी राहिली. खर्ड्यात ते घडले नाही. दोन खटल्यांतला हा फरक तंत्रज्ञानाने पडलेला नाही.

साक्षीदाराला भीती वाटते, हे आम्ही जाणतो. गावात राहायचे असते, मजुरी त्यांच्याच शेतात असते, पोरगी शाळेत एकटी जाते. साक्ष देताना म्हणूनच तो एकटा पडता कामा नये. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५ अ आले, त्यात पीडित आणि साक्षीदार यांना संरक्षण, प्रवासखर्च आणि गरजेप्रमाणे पुनर्वसन यांचा हक्क दिला आहे. ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली. ही कलमे आपोआप चालत घरी येत नाहीत. ती मागावी लागतात, आणि मागायला गावातल्या भूमिहीन मजुरासोबत शिकलेला, नोकरीतला, वकिली करणारा आपला माणूस जावा लागतो. जयंतीला लाखोंची वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळांनी त्यातला थोडा भाग साक्षीदारांच्या तारखांसाठी बाजूला ठेवला, तर ते बाबासाहेबांना खरे अभिवादन होईल.

परभणीचा खटला आता याच वळणावर आहे. डिसेंबर २०२४ मधल्या त्या दिवसांत वस्तीत, रस्त्यावर, कोठडीत ज्यांनी काही पाहिले, ज्यांच्या मोबाईलमध्ये काही आहे, त्यांनी आपापल्या मनाला विचारावे. विजयाबाईंनी आपले काम केले. मुलाच्या मृत्यूनंतर पुढे झालेली दहा लाखांची मदत त्यांनी नाकारली आणि न्यायालयाची पायरी चढल्या. आता पाहणाऱ्यांची पाळी आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तो मुक्यांना वाचा यावी म्हणून. शंभर वर्षांनंतर आपल्या प्रत्येकाच्या खिशात बोलते यंत्र आहे. यंत्र बोलके आणि माणूस मुका, अशी आपली अवस्था होऊ देऊ नका!